रिकामा ट्रेलर जास्त आपटतो

आमच्याकडे हळदीच्या जेवणाला एक माणूस हमखास असतो. वाढप्यांनी पत्रावळी मांडायच्या आधीच तो खाली बसतो. त्याला कोणी उठवत नाही, पण त्याच्यामुळे सगळी पंगत हलते, वाढपी गोंधळतात, भात पुढे जातो आणि मटण मागे राहतं. माझ्या बाबांच्या छातीत असा एक ठोका आहे. वेळेच्या आधी येऊन बसतो. मग हृदय जरा थबकतं, आणि पुढचा ठोका धाडकन पडतो. परत पंगत सुरळीत.

हे मला डॉक्टरांनी सांगितलं. पंगतीचं मी लावलं. बाबांना तर यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांना दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, धाप नव्हती. त्यांच्या छातीतली गडबड त्यांच्याआधी यार्डातल्या मशीनला कळली.

बाबा कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचे. यार्डातून बंदर, बंदरातून यार्ड. उरणच्या अलीकडे आमचं गाव आहे, आणि आज जिथे यार्ड आहे तिथे आधी मिठागर होतं. माझे आजोबा तिथे भर उन्हात मीठ ओढायचे. आता तिथेच आत जायला गळ्यात पास लागतो, पास मिळायला दरवर्षी मेडिकल लागतं. बाबा मेडिकलच्या लायनीत उभे राहिले की म्हणायचे, "माज्या बापाला हितं शिरायला लंगोटी पुरायची."

मेडिकल ही आमच्या आळीत घाबरायची गोष्ट नव्हती. ती बसवायची गोष्ट होती, गणपतीतलं नाटक बसवतात तशी. शेजारचे काका, तेही ट्रेलरवालेच, या नाटकाचे दिग्दर्शक. बीपीसाठी आदल्या दिवशी सुकट बंद, सकाळी लिंबूपाणी, आणि नंबर लागेपर्यंत गाडीच्या केबिनमध्ये आडवं पडून राहायचं. डोळ्यांच्या तक्त्यासाठी वेगळी सोय. काकांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, पण तो तक्ता त्यांना आरतीसारखा पाठ आहे. पुढचा माणूस मोठ्याने म्हणतो, मागचे मनात म्हणतात. एका वर्षी तक्ता बदलला तेव्हा सगळी लाईन एका सुरात चुकली. काकांचा तो तक्ता मी चाल लावून म्हणते. माझी पहिली नक्कल ती. काका स्वतः हसतात, मग काकू हसल्या की रागावतात.

फक्त छातीचा कागद काढणाऱ्या मशीनला काय पाठ करून दाखवणार? म्हणून त्याची कोणी तयारीच करत नसे.

मग एका वर्षी यार्डाच्या मेडिकलच्या साहेबाने बाबांच्या कागदावर लाल पेनाने दोन गोल काढले. हा साहेब बोलताना माणसाकडे बघत नाही. अंगठ्याने मोबाईल वर सारत बोलतो, त्यामुळे त्याचं वाक्यही मध्ये मध्ये सरकतं. "हार्टचं... आहे. स्पेशालिस्टकडून फिट... लिहून आणा. तोवर गाडी... नाही."

ठेकेदाराने सांगितलं, महिनाभर तुमच्या गाडीवर बदली माणूस बसवतो, तोवर कागद आणा. बाबांनी चावी दिली. त्या चावीला आईने देवीच्या जत्रेतून आणलेला लाल गोंडा होता. तो त्यांनी सोडवला नाही. म्हणाले, "महिन्यान परत याचीच हाय."

पनवेलच्या डॉक्टरांकडे बाबांबरोबर मी गेले. मी मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसते, सुट्टी काढली. आईला न्यायचं नाही असं बाबांनी ठरवलं होतं, कारण आई दवाखान्यात गेली की डॉक्टरांना स्वतःचे गुडघे सांगते.

डॉक्टर भला माणूस. नाडी बघताना मान वाकडी करून छताकडे बघायचे, वरच्या मजल्यावर कोण भांडतंय ते ऐकल्यासारखे. प्रत्येक वाक्य "हे बघा" ने सुरू. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मी अर्ध्या तासात ते "हे बघा" नकलेसाठी घोटून घेतलं होतं.

"हे बघा, चहा किती?"

"दोनदा," बाबा म्हणाले.

"दोनदा थर्मास भरून," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचायला लागले.

"तंबाखू?"

"आता काय लपवनार, हिला आनलीय बरोबर. हाय."

"झोप?"

"शिफ्ट असंल तशी."

"चालता चालता कधी डोळ्यांपुढे अंधारी? कधी बेशुद्ध पडलात? घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं?"

"नाय साहेब. आमच्यात अचानक कोन जात नाय. समद्यांना सांगून, भांडून जातात."

डॉक्टर हसले. मग हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त झालं, थायरॉईड झालं. सगळं नीट. "हे बघा, पंप उत्तम आहे, झडपा उत्तम आहेत. हे जे जादा ठोके आहेत ना, ते खूप जणांना असतात. माझ्याकडे रोज चार जण येतात. कित्येकांना आयुष्यभर कळतही नाही. चहा कमी करा, तंबाखू सोडा, झोपा नीट. फक्त दिवसभरात असे किती येतात ते बघू."

त्यासाठी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधली. एक दिवस एक रात्र ती अंगावर ठेवायची, आंघोळ नाही. बांधणाऱ्या सिस्टरने सांगितलं, "काका, रोजचं जे करता ते सगळं करा. चाला, जिने चढा, भांडा, जेवा. घाबरायचं नाही."

बाबांनी मान हलवली. मीही ऐकलं. आम्ही दोघांनी ऐकलं ते "मेडिकल आहे" एवढंच.

घरी पोहोचायच्या आधी काका ओट्यावर हजर. त्यांनी शर्टाच्या फटीतून डबी बघितली. "म्हंजे यो डबा दिवसभर समदा लिवून घेनार?"

"समदा."

"मंग आडवा पर. बीपीचा आपला नियम. हालू नको, बोलू नको, तापू नको. कालजाला कलूच द्यायचा नाय का आज परीक्षा हाय."

आळीत सगळ्यांना पटलं. आईला तर फारच पटलं. शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा आमच्या बाई आदल्या दिवशी भिंती धुवून घ्यायच्या आणि हुशार पोरांना पुढे बसवायच्या. तसं आमच्या घराने बाबांचं हृदय तपासणीला बसवलं. बाबा पलंगावर सरळ, हात पोटावर. टीव्ही बंद. कुकर बंद, कारण शिटी होते. आईने मऊ भात आणि फिकं वरण केलं, ज्यात मीठ इतकं कमी की आजोबा वरून बघत असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. मागच्या आळीत हळद होती. आई जाऊन त्यांना डीजे हळू लावायला सांगून आली. आमच्या गावात हळदीचा डीजे हळू करायला सांगणं म्हणजे नवरीला उपाशी ठेवायला सांगण्यासारखं आहे. पण त्यांनी केला. सगळ्या गावाला माहीत होतं, बाबांच्या हातचा ट्रेलर जातोय.

माझ्यावर वेगळी बंदी.

"हिला बाहेर काढ," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "ही बोलली का मना हसायला येतंय."

"मी काय केलं?"

"तू काय करायला लागतंस? तुजं तोंड बघितलं का मना समदे लोक दिसतात."

हे मी बक्षीस म्हणून घेतलं. दिवसभर ओट्यावर बसले. खिडकीतून बाबा दिसत होते. डोळे उघडे, छताकडे लावलेले. ट्रेलर चालवतानाही ते एवढे ताठ नसत. मध्येच आई जाऊन नाकाशी हात धरून यायची, श्वास चालू आहे का बघायला. मला हसू आवरत नव्हतं, आणि हसायचं कुठे हा प्रश्न होता. मी काकूंच्या मोरीत जाऊन हसून आले.

दुसऱ्या दिवशी बाबा पनवेलला गेले ते पहिला नंबर येणाऱ्या मुलासारखे.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मान वाकडी केली, छताकडे बघितलं. मग कागद पुन्हा बघितला.

"हे बघा... तुम्ही दिवसभर काय केलंत?"

"काय नाय साहेब," बाबा अभिमानाने म्हणाले. "हाललो पन नाय."

"अहो, का?"

बाबांना प्रश्न कळला नाही. मी सांगितलं. काकांचा नियम, कुकर, डीजे, सगळं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग समजावलं, अगदी सावकाश. आपण पडून राहिलो की हृदय सावकाश चालतं. दोन ठोक्यांमध्ये जागा पडते. त्या मोकळ्या जागेत असे आगाऊ ठोके घुसतात. माणूस कामाला लागला, हृदय जोरात चालायला लागलं, की त्यांना घुसायला जागाच मिळत नाही. "तुम्ही त्यांना दिवसभर मोकळं मैदान दिलंत, काका."

बाबांनी मान खाली घातली. मी म्हटलं आता रडतील की काय. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला, गाडीचा आवाज ओळखल्यावर होतो तसा.

"म्हंजे साहेब, ट्रेलरसारखा. रिकामा ट्रेलर खड्ड्यान जास्त आपटतो. वर भरलेला कंटेनर बसला का गप चालतो."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "वा! परत सांगा."

बाबांनी परत सांगितलं. डॉक्टरांनी ते सिस्टरलाही ऐकवलं. आणि लगेच म्हणाले, चला, भरलेला ट्रेलर बघू. सरकत्या पट्ट्यावर चालवायची तपासणी. बाबा काकांचे बूट घालून आले होते, एक नंबर मोठे. पट्टा सुरू झाला तसे ते आवाज करायला लागले, चटाक पटाक, आणि मी सिस्टरच्या मागे तोंड लपवलं. पण पडद्यावरची रेघ खरंच सुधारत गेली. वेग वाढला, आणि ते आगाऊ ठोके एकेक करून गेले. बाबा घामाघूम, समोर दांडी धरलेली स्टेअरिंगसारखी, आणि रेघ नेमाने एका चालीची. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. तुमचं हृदय कामाचं आहे. त्याला काम द्या."

त्यांनी लिहून दिलं: गाडी चालवायला हरकत नाही, औषधाची गरज नाही, वर्षाने परत सोनोग्राफी करून दाखवा. येताना बाबांनी मला पनवेल स्टँडवर वडापाव खायला घातला आणि स्वतः दोन खाल्ले. बसमध्ये मी डॉक्टरांचा आवाज काढला, "हे बघा काका, तुम्ही मोकळं मैदान दिलंत." बाबा म्हणाले, "गप, लोक बघतात." पण उरणपर्यंत हसत होते.

यार्डाच्या साहेबाने सगळे कागद घेतले आणि नेमका पडून राहिलेल्या दिवसाचा रिपोर्ट वर ठेवला.

"एवढे ठोके... हेवी गाडीला... चालत नाहीत."

मी म्हणाले, "साहेब, ते झोपून होते म्हणून आले. पट्ट्यावरचा कागद बघा ना, तिथे एक पण नाही."

"मग झोपले कशाला?"

बाबा म्हणाले, "साहेब, तुमच्यासाठीच झोपलो."

त्यावर त्याने पहिल्यांदा वर बघितलं. त्याला वाटलं बाबा चेष्टा करतात. बाबा आयुष्यात इतके खरे कधी बोलले नव्हते.

"उपचार काय चालू आहे?"

"डॉक्टर बोलले उपचार नको. गरज नाय."

"एवढे ठोके आणि उपचार नाही? बिनउपचाराच्या माणसाला पास कसा देऊ?"

आम्ही परत पनवेलला. डॉक्टरांना मी साहेबाचं सगळं करून दाखवलं, अंगठ्यासकट. ते हसले नाहीत. म्हणाले, त्रास नसताना गोळी देणं मला आवडत नाही. मग फोन लावला, साहेबाने उचलला नाही. बाबा म्हणाले, "साहेब, द्या एकादी बारीक. कागदाव दिसायला." शेवटी डॉक्टरांनी एक अगदी छोटी गोळी लिहिली. ठोके थोडे आवरतील, जरा मरगळल्यासारखं होईल म्हणाले. झालंही. बाबा जिना चढून आले की पायरीवर बसायला लागले.

साहेबाने गोळीचं नाव वाचलं.

"ही हार्टची गोळी... आहे. गोळी चालू असलेल्याला... हेवी गाडी... देता येत नाही."

हे वाक्य मी तंतोतंत काढते. आळीत कोणी सांगितलं की काढते. पहिल्या वेळी सगळे हसले, काका सोडून. काका म्हणाले, "हे नको काढूस गो." पोटावर हात ठेवून झोपायचा नियम त्यांनी आता कोणालाच सांगायचा बंद केला आहे.

तोवर महिना उलटला होता. बदली माणूस बदली राहिला नव्हता. बाबा चावी मागायला गेले नाहीत, पण त्या माणसाने लाल गोंडा सोडवून काकांच्या हाती घरी पाठवला. चांगुलपणानेच पाठवला असेल. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला, आणि बाबांनी तो तिथून काढून कुठे टाकला ते आम्ही विचारलं नाही.

ठेकेदाराने बाबांना गेटवर घेतलं. ट्रेलर आला की दांडा वर, गेला की दांडा खाली. या कामाला हृदय कसंही चालतं, गेटच्या बाहेरच म्हणून पास नाही, मेडिकल नाही. दिवसभर खुर्चीत बसायचं. म्हणजे डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, पडून राहू नका, हृदयाला काम द्या, त्याचं बरोबर उलटं काम यार्डाने त्यांच्या तब्येतीची काळजी घेऊन दिलं. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न देतात. बाबा हात करतात. रिकामा ट्रेलर गेटच्या गतिरोधकावरून जाताना केवढ्याने आपटतो, हे त्यांना केबिनमध्ये बसून कधी एवढं ऐकू आलं नव्हतं. एकदा मी डबा द्यायला गेले, तर दांडा खाली करून ते मनगट धरून बसले होते. दोन बोटं नाडीवर. ज्या माणसाला मशीनने सांगेपर्यंत काही कळलं नव्हतं, त्याला आता एकूण एक ठोका कळतो. मला बघून बोटं काढली आणि घड्याळ नीट केल्यासारखं केलं. त्या हातात घड्याळ नसतं.

वर्ष झाल्यावर सोनोग्राफीला आम्ही पनवेलला गेलो. पंप तसाच उत्तम. डॉक्टर खूश. मान वाकडी, छत, नाडी.

"हे बघा, ही गोळी आता सावकाश कमी करून बंद करू, तुम्हाला तिची गरज नव्हतीच. चहा?"

"एकदा," बाबा म्हणाले. मी काही बोलले नाही. खरंच एकदाच पितात. गेटवर कोण आणून देणार?

"तंबाखू?"

"सोरली."

"शाब्बास! आणि आपला ट्रेलर काय म्हणतो?"

मी तोंड उघडलं. सगळं सांगणार होते, गेट, खुर्ची, अंगठेवाला साहेब, त्या छोट्या गोळीचं त्याने काय केलं ते. डॉक्टरांनाही कळू दे म्हटलं. बाबांनी टेबलाखालून काकांच्या मोठ्या बुटाने माझ्या पायावर पाय ठेवला.

"चालू हाय साहेब," ते म्हणाले. "तुमच्या किरपेन जोरान हाय."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. भल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही ही बाबांची जुनी खोड. डॉक्टरांनी मला दोन पेढे दिले, कोणाचे तरी आले होते.

बाहेर येऊन बाबा बाकावर बुटांच्या नाड्या बांधायला बसले. आत पुढचा पेशंट गेला, शाळेच्या बाई वाटत होत्या, पदर छातीशी घट्ट धरलेल्या. दार नीट लागलं नव्हतं. त्यांचं रडवेलं बोलणं आलं, मध्येच ठोका चुकतो हो, रात्री पडलं की फार. मग डॉक्टरांचा आवाज.

"हे बघा बाई, घाबरू नका. माझा एक पेशंट आहे, उरणचा. ट्रेलर चालवतो. त्याने मला सांगितलं, रिकामा ट्रेलर जास्त आपटतो, भरला की गप चालतो..."

बाबांच्या हातातली नाडी तशीच राहिली. ते खाली वाकलेलेच, हलले नाहीत. आत बाई हळूहळू हसल्या. डॉक्टर आणखी रंगवून सांगत होते, माझा पेशंट असा घाट चढतो, तसा बंदरात वळण घेतो. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग दोन्ही नाड्या बांधून उठले.

"बरा सांगतंय," एवढंच म्हणाले.

बस जवळजवळ रिकामी होती. मी खिडकीत, बाबा बाजूला. मी पेढा पुढे केला, त्यांनी नको म्हटलं. जासईच्या पुढे कंटेनरची रांग लागली, बस थांबली. एकामागे एक ट्रेलर. बाबा एकेकाकडे बघत होते, टायर, ब्रेकचे दिवे, ड्रायव्हरचा कोपरा.

"त्यांचा आवाज काढ," ते अचानक म्हणाले.

"कोणाचा?"

"डॉक्टरांचा. मगाशी बोलले तो."

लोक बघतात असं म्हणणारे माझे बाबा. मी मान वाकडी केली, बसच्या छताकडे बघितलं.

"हे बघा बाई, घाबरू नका. माझा एक पेशंट आहे, उरणचा. ट्रेलर चालवतो."

बाबांनी बाहेरची नजर काढली नाही. दोन बोटं मनगटावर होती.

"परत," ते म्हणाले.